सल्लागार मिळतील हो, ऐकणारा कुठाय?

मंडळी, पक्ष्यांच्या बाबतीत काही बरंवाईट घडलं की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं. "आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या तज्ज्ञांचा सल्ला घेऊ." ऐकायला किती छान वाटतं! सल्ला मागणारा शहाणा दिसतो, देणारा मोठा दिसतो, आणि शिवडीच्या चिखलातले पक्षी जिथल्या तिथे राहतात. मला या वाक्याचा आता मनापासून वीट आलाय.

तज्ज्ञ नकोत असं मी म्हणत नाही हं. उलट या विषयात तज्ज्ञावाचून पान हलत नाही. तुम्हाआम्हाला वाटतं, खाडीचं पाणी घाण आहे, ते साफ केलं आणि किनाऱ्याला तिवरं लावली की झालं पक्ष्यांचं कल्याण. पण छोटा रोहित, म्हणजे आपला फ्लेमिंगो, खातो काय? पाण्यातलं सूक्ष्म नील-हरित शेवाळ. शहराच्या सांडपाण्याने ते माजतं, आणि त्यावर हे हजारोंनी पोसतात. (हे कळल्यावर माझ्या वहिनीने नाकाला पदर लावला होता!) तसंच चिखल्या, तुतवार, पाणटिवळा या पाहुण्यांना ओहोटीला उघडा पडणारा चिखल लागतो. त्या चिखलावर तिवरं लावली तर त्यांचं ताटच काढून घेतल्यासारखं. हौसेने झाडं लावणाऱ्याला हे कसं कळावं? म्हणून जाणकार हवा.

पण तो शोधायला आपल्याला किती लांब जायला हवं? सालीम अली आपल्या गिरगावातल्या खेतवाडीत वाढले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी कोणत्या जातीची, हे विचारायला तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्याला हाकलून न देता भुसा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. ही सोसायटी १८८३ची! १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने तिने पक्ष्यांच्या पायात कडी घालायचं मोठं काम सुरू केलं. कर्नाटकात क्यासनूरचा ताप पसरला होता आणि दूरदेशीचे पक्षी गोचिडांतून तो रोग आणतात का, ही शंका होती. त्या कड्यांवर इंग्रजीत कोरलेलं असे, मुंबईच्या सोसायटीला कळवा. आणि तेव्हाच्या सोव्हिएत मुलुखातून कडी सापडल्याच्या खबरा मुंबईला यायच्या. सैबेरियाकडच्या माणसाला आपल्या फोर्टातला पत्ता ठाऊक होता. आपल्या नियोजनकारांना मात्र तो शिवडीहून हार्बर लाइनने सहा स्टेशनं गेलं तरी सापडत नाही.

म्हणजे सापडतो, पण उशिरा. शिवडी-न्हावाशेवा पुलाचंच बघा ना. त्याची आखणी थेट शिवडीच्या चिखलपट्ट्यावरून. मार्ग बाजूला सरकवा, असं सोसायटीने सांगितलं होतं. रेघ काही हलली नाही. पुढे आवाज अडवायच्या भिंती आल्या, पक्ष्यांचे अभ्यास आले, म्हणजे तज्ज्ञांना काम मिळालं, पण कोणतं? ठरून गेलेल्या गोष्टीचं नुकसान मोजायचं. मी परळच्या एका शाळेत तीस वर्षं शिकवलं. आधी निकाल फळ्यावर लावून मग पेपर तपासायला दिलेला मी कधी पाहिला नाही. इथे मात्र तसंच चालतं.

"बाई, मग पूल नको होता का?" असं आमचा भाचा विचारतो. पूल हवाच होता रे बाबा, उलव्याच्या नणंदेकडे मीही त्यावरूनच जाते. कुठून जावा एवढाच प्रश्न होता, आणि तो विचारायची वेळ रेघ मारण्याआधीची होती.

२०२४ हे एकच साल घ्या. १२ जानेवारीला पुलाचं उद्घाटन. फेब्रुवारीत समरकंदला स्थलांतरित प्राण्यांच्या कराराची जागतिक परिषद. मध्य आशियाई उड्डाणमार्ग, म्हणजे उत्तरेच्या बर्फाळ मुलुखातून हिंदी महासागरापर्यंतचा ३० देशांवरून जाणारा पक्ष्यांचा रस्ता, त्याच्या समन्वयाचं काम भारतातून व्हावं असं तिथे ठरलं. केवढा मान! आणि २० मे रोजी घाटकोपरला दुबईहून येणाऱ्या विमानाची धडक बसून चाळीसच्या आसपास फ्लेमिंगो मेले. त्याच उन्हाळ्यात नेरुळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी यायच्या वाटा बुजल्या आणि तिथेही पक्षी दगावले. मग नेहमीप्रमाणे समिती. २०२५ मध्ये त्या तलावाला संवर्धन राखीव म्हणून मान्यता मिळाली, हे चांगलंच झालं. पण पाणी अडलं की तलाव मरतो, हे सांगायला समिती कशाला हवी होती? तिथे रोज फिरायला येणारी माणसं तेच ओरडून सांगत होती.

आणि शिवडी? ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसरचा दर्जाही मिळाला. पण अभयारण्याची हद्द ऐरोली-वाशीकडची. शिवडीचा चिखल त्यात नाही. पक्ष्यांना हद्द कळत नाही, ते भरती-ओहोटी बघून इकडून तिकडे जातात. त्याच २०२२ साली सोसायटीने काही फ्लेमिंगोंच्या पाठीवर जीपीएस यंत्रं बसवली. एकाचं नाव सालीम, एकाचं हुमायूं, एकाचं चक्क नवी मुंबई! ते गुजरातपर्यंत जाऊन येतात, हे त्यातून दिसलं. म्हणजे कुठे बांधू नये याचा नकाशा पक्षी स्वतःच काढून देताहेत.

आता उड्डाणमार्गासाठी सल्लागार निवडायचे आहेत, तर यादीत फक्त डॉक्टरेटवाले आणि विमानाने फिरणारे नकोत. मारुती चितमपल्ली २०२५च्या जूनमध्ये गेले. त्यांचा पक्षीकोश वाचा, वनखात्यातल्या या माणसाने आदिवासींकडून, फासेपारध्यांकडून केवढं शिकून घेतलं होतं ते कळेल. शिवडीचा कोळी चिखल कुठे वाढला, कुठे आटला, हे होडीत बसून सांगेल. त्याला कोणी खुर्ची दिली आहे का?

आणि एक नियम करा. आखणीच्या आधी सल्ला घ्यायचा, तो मराठीत छापून लोकांपुढे ठेवायचा, आणि मानायचा नसेल तर का नाही ते सहीनिशी लिहून द्यायचं. आम्ही शाळेत एका मुलाला नापास करताना एवढं करत होतो.