क्षीणतेची रुजुवात

खांदेरी-उंदेरीसमोरच्या थळच्या कोळीवाड्यात, जिने उभी हयात मासळीची पाटी डोक्यावर वाहून बाजार केला, ती बाई एके वर्षी पाटी सुनेच्या स्वाधीन करते, पुढल्या वर्षी हात टेकल्यावाचून ओसरीवरून उठत नाही, आणि तिच्या मनगटातली बांगडी कोपराकडे घसरू लागते, तेव्हा घरची मंडळी ‘आता वय झालं’ असा निकाल देतात. आणि खेदाची गोष्ट ही की, आपण वैद्यक व्यावसायिकही त्या निकालावर मुकाट्याने शिक्कामोर्तब करतो.

वस्तुतः ही क्षीणता पायरीपायरीने येते. लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली तिची पाच लक्षणे मुक्रर केली: अकारण घटणारे वजन, सततचा थकवा, मुठीचे ओसरलेले बळ, मंदावलेली चाल आणि उणावलेली हालचाल. यांपैकी एक-दोन आढळल्यास ती पूर्वावस्था, तीन वा अधिक आढळल्यास क्षीणता. पुढे थॉमस गिल प्रभृतींनी अमेरिकेतील न्यू हेवन येथे, घरीच राहणाऱ्या व सत्तरी गाठलेल्या ७५४ व्यक्तींची दर अठरा महिन्यांनी, साडेचार वर्षे पाहणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, निम्म्याहून अधिक व्यक्तींची अवस्था या मुदतीत एकदा तरी पालटली. उतरणारे अधिक असले तरी पायरी वर चढणारेही होते. मात्र पूर्ण क्षीणतेतून थेट सुदृढतेप्रत पोहोचणारे जवळजवळ कोणीच नव्हते. तात्पर्य, उपाययोजनेचा खरा काळ पूर्वावस्थेचाच होय.

ही पूर्वावस्था एका तपासणीत हाती लागत नाही; ती दोन नोंदींमधल्या अंतरात दिसते. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात निसरडे अंगण आणि काही काळ बंद पडणारी मासेमारी वृद्धांना घरात जखडून ठेवतात. म्हणून वैशाखात एकदा व दसऱ्यानंतर पुन्हा, वजन आणि चार मीटर चालण्यास लागणारा वेळ, एवढे दोनच आकडे प्रत्येक वृद्धाच्या नावापुढे लिहावेत. चालीला पाच सेकंदांहून अधिक वेळ लागला, किंवा वजन उतरले, तर पायांना बळ देणारा व्यायाम, ताटात पुरेशी मासळी वा डाळ, दृष्टीची तपासणी आणि अनावश्यक औषधांची छाटणी यांची तजवीज विनाविलंब करावी.

वजनकाटा, घड्याळ आणि नोंदवही, याखेरीज या कामास काही लागत नाही. तेव्हा साधनांच्या अभावाची सबब येथे चालणार नाही. येत्या वैशाखात आपापल्या दप्तरात या दोन रकान्यांची भर घालावी, अशी आमची सर्व व्यवसायबंधूंना व भगिनींना आग्रहाची विनंती आहे.