शैथिल्य म्हणजे निद्रा नव्हे

भूल दिली म्हणजे मनुष्य निजतो, एवढीच बहुतेकांची समजूत असते. परंतु पोट उघडून काम करणाऱ्या शस्त्रवैद्यास रोग्याची नुसती झोप पुरत नाहीं. त्यास पोटाचे स्नायूही सैल लागतात. ते ताठ राहिले तर आंतडीं बाहेर ढकललीं जातात व हात आंत चालत नाहीं. पूर्वीं हें शैथिल्य मिळविण्याचा मुख्य मार्ग म्हणजे ईथर अथवा क्लोरोफॉर्म अधिकाधिक देत जाणें. स्नायू सैल होत, पण त्याबरोबर श्वासही मंदावे. अशक्त रोगी त्या खोल भुलेंतून परत येईल कीं नाहीं, याची काळजी दाराबाहेर बसलेल्या आप्तांइतकीच डॉक्टरांसही असे.

यांतून वाट दाखविली ती एका विषानें. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांतील शिकारी आपल्या बाणांच्या टोकांस कुरारे नांवाचा वनस्पतींचा घट्ट अर्क लावीत. बाण लागलेलें जनावर निपचित पडे व श्वास थांबून मरे. आणि तेंच मांस शिकारी निर्धास्तपणें खात, कारण पोटांत गेलेलें हें विष अंगीं फारसें लागत नाहीं. १८१४ सालीं चार्लस वॉटरटन या इंग्रज गृहस्थाच्या पुढाकारानें लंडनमध्यें एका गाढविणीस हें विष टोंचण्यांत आलें. ती मेल्यासारखी पडली, तेव्हां तिच्या श्वासनलिकेस छिद्र पाडून भात्यानें हवा भरीत राहिले. अंमल उतरतांच गाढवीण उठून उभी राहिली व पुढें १८३९ पर्यंत जगली! आम्हांस ही हकीकत केवळ गमतीची वाटत नाहीं. आजच्या भूलशास्त्राचें मर्म तींत आहे. कुरारे मज्जातंतूचा निरोप स्नायूस पोंचूं देत नाहीं, इतकेंच. फ्रान्सांत क्लोद बर्नार यानें बेडकांवर प्रयोग करून हें दाखविलें. श्वास दुसऱ्यानें चालविला तर प्राण राहतो.

तरीही शस्त्रक्रियागृहांत या विषास औषधाची प्रतिष्ठा मिळण्यास २३ जानेवारी १९४२ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशीं कॅनडांतील माँट्रियल येथें डॉ. हॅरल्ड ग्रिफिथ व डॉ. एनिड जॉन्सन यांनीं अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेंत एका तरुणास तें दिलें, आणि हलक्या भुलेवरच पोट सैल पडलें.

परंतु शैथिल्य निराळें मिळूं लागतांच एक नवा धोका उभा राहिला. जो हलूं शकत नाहीं तो निजला आहे कशावरून? १९४७ मध्यें अमेरिकेंतील स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञानें कोणतीही झोप न घेतां स्वतःस कुरारे टोंचवून घेतलें. पापणीही हलेना, मात्र ऐकूं येत होतें, वेदना कळत होत्या, सर्व स्मरणांत राहिलें. ब्रिटन व आयर्लंड येथील २०१४ च्या पाहणींत शस्त्रक्रिया चालू असतां जाग आल्याची तक्रार अशीं औषधें दिलेल्यांत सुमारें ८,००० त एक आढळली. न दिलेल्यांत १,३६,००० त एक.

म्हणून निद्रेचें, वेदनाशमनाचें व शैथिल्याचें औषध वेगवेगळें मोजून देतात. मॅग्नेशियमसारखें एखादें जोडऔषध शैथिल्य वाढवितें, तेव्हां मूळ औषधाची मात्रा जपून ठरवावी लागते. मनगटाजवळच्या तंतूस विजेचे चार सूक्ष्म धक्के देऊन अंगठा किती हलतो तें पाहतात. शेवटीं निओस्टिग्मिन किंवा रोक्युरोनियमसाठीं सुगॅमाडेक्स देऊन उरलेला अंमल उतरवितात. आमच्याकडे शस्त्रवैद्याची चौकशी चार घरीं होते; भूल कोण देणार, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो.

आणखी एक गोष्ट घरच्या मंडळींनींच सांगण्यासारखी आहे. सक्सामेथोनियम नांवाचें शैथिल्यकारक औषध सामान्यतः कांहीं मिनिटांत उतरतें. रक्तांतील एक विशिष्ट द्रव्य त्यास मोडतें म्हणून तें उतरतें. ज्यांच्यांत तें द्रव्य जन्मतः कमी, त्यांचा श्वास कित्येक तास यंत्रावर चालवावा लागतो. हा दोष वंशपरंपरेनें येतो; दक्षिणेकडील वैश्य समाजांत तो विशेष आढळला आहे. आजोबा, आत्या, भाऊ, कोणासही शस्त्रक्रियेनंतर स्वतः श्वास घेण्यास फार विलंब लागला असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनीं विचारण्याची वाट न पाहतां तें त्यांच्या कानीं घालावें.