हातमोजा ही मेहेरबानी नव्हे!

'स्वच्छ शहर, सुंदर शहर' असे फलक चौकाचौकांत झळकतात. पण ते शहर स्वच्छ करणाऱ्या हातांत हातमोजे आहेत काय, हा प्रश्न कोणत्याही फलकावर नसतो. पहाटे हजेरी लागते, घंटागाडी निघते आणि उघडे हात कचऱ्यात शिरतात. त्या कचऱ्यात फुटकी काच असते, वापरलेले ब्लेड असते, कुणी तरी इन्सुलिन घेऊन फेकलेली सुई असते. सुई टोचली तर 'ब' प्रकारच्या काविळीचा धोका, काच लागली तर धनुर्वाताचा. हे हात कोणाचे आहेत, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

हातमोज्यांचा इतिहास येथे लक्षात घेण्यासारखा आहे. 1889-90 च्या सुमारास अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात जंतुनाशक रसायनाने सोलवटून निघत होते. ते पाहून शल्यचिकित्सक विल्यम हाल्स्टेड यांनी तिच्यासाठी रबराचे पातळ हातमोजे बनवून घेतले. म्हणजे शस्त्रक्रियागृहातले ते हातमोजे मुळात रुग्णासाठी नव्हे, तर राबणाऱ्या हातांच्या रक्षणासाठी आले. मग आमच्या सफाई कामगाराच्या वाट्याला ते अजूनही भीक मागितल्यासारखे का यावेत?

कायदा गप्प नाही. केंद्राच्या 2016 च्या घनकचरा नियमांनी कामगारांना गणवेश, हातमोजे, योग्य पादत्राणे व मास्क मिळतील हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. पण नियम कागदावर आणि कामगार रस्त्यावर! कंत्राटदाराचा माणूस एखादा जोड हातावर ठेवतो, सही घेतो आणि तो फाटला की कामगाराच्या नशिबावर सोडतो. काही ठिकाणी तर दवाखान्यातले पातळ हातमोजे दिले जातात. ते सुई अडवू शकत नाहीत. कचऱ्यासाठी जाड, मनगटाच्या वरपर्यंत येणारे हातमोजेच हवेत, आणि फाटताच दुसरा जोड हवा.

आता दोन शब्द आपल्या कामगार बंधू-भगिनींसाठी. 'मोजे घातले की बोटांना पकड येत नाही' म्हणून ते काढून ठेवू नका. आपल्या मापाचे मागा. मोजे घातलेल्या हाताने तोंड पुसू नका, तंबाखू मळू नका, पाण्याची बाटली उचलू नका. मळका मोजा मळक्या हातापेक्षा चांगला नसतो. मोजे काढल्यावर हात साबणाने धुवाच, कारण घामेजल्या मोज्यांतही जंतू शिरतात. जेवणापूर्वी आणि घरी जाऊन लेकराला उचलण्यापूर्वी पुन्हा धुवा. सुई टोचली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, ती चोखू नका आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. काविळीची आणि धनुर्वाताची लस टोचून घ्या.

पण धुवायला पाणी कुठे आहे? कित्येक हजेरी चौक्यांवर नळ नाही, साबण तर दूरच. ज्या समाजाने आमचा स्पर्श झाला म्हणून शतकानुशतके अंघोळी केल्या, त्याच समाजाची घाण उचलून आलेल्या हातांना धुण्यापुरते पाणी मिळू नये, हा कसला न्याय? 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क सांगितला तो माणूस म्हणून. चौकीवरचा नळ हा त्याच हक्काचा भाग आहे.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. हातमोजे देऊन कुणाला गटारात उतरवता येत नाही. मॅनहोलमधला विषारी वायू हातमोज्यांनी अडत नाही. तेथे यंत्रच हवे. सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 रोजी गटारातील मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये केली. पण भरपाई विधवेला मिळते, मेलेल्याला नाही.

तेव्हा मागणी सरळ आहे. कायम असो वा कंत्राटी, प्रत्येक कामगाराला जाड हातमोजे, प्रत्येक चौकीवर नळ आणि साबण, प्रत्येकाला लस. कामगार संघटनांनी हे निवेदनात लिहावे, नगरसेवकांनी सभागृहात विचारावे. आणि वाचकांनी उद्या सकाळी घंटागाडीत कचरा टाकताना काच व सुई वेगळी गुंडाळून, वर खूण करून द्यावी. तो हात आपल्याच माणसाचा आहे.