'हाफ गर्लफ्रेंड': इंग्रजी न येणाऱ्यांच्या नावावर राजपुत्राची कथा

खांदेश्वरला आमच्या घराजवळच्या बुद्धविहारात एक छोटी अभ्यासिका चालते. गावाकडून शिकायला आलेली, एका खोलीत चार-चार जण मिळून राहणारी मुलं तिथे बसतात. परवा त्यांतल्या एकाच्या हातात चेतन भगत यांची 'हाफ गर्लफ्रेंड' दिसली. विचारलं, "कशी आहे रे?" तो म्हणाला, "दादा, ही आपल्यासारख्या इंग्रजी न येणाऱ्या पोरांची स्टोरी आहे असं ऐकलं होतं. पण हा तर राजाचा मुलगा निघाला!"

त्या पोराची तक्रार रास्त आहे.

ही कादंबरी ऑक्टोबर २०१४ मध्ये आली, तीही प्रचंड गाजावाजा करत. प्रकाशनाआधीच फ्लिपकार्टवर नोंदणी सुरू झाली होती. २०१७ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. लेखकाने पुस्तक अर्पण केलं ते ग्रामीण भारताला आणि इंग्रजी न येणाऱ्यांना. साहजिकच आपल्या पोरांना वाटलं, चला, कुणीतरी आपलं दुःख मांडलं.

आत काय आहे? नायक माधव झा हा बिहारमधल्या डुमरावच्या राजघराण्याचा वारस. त्याची आई 'राणीसाहेबा', गावात शाळा चालवणारी. नायिका रिया सोमाणी दिल्लीच्या श्रीमंत घरातली. दोघं सेंट स्टीफन्समध्ये भेटतात. तोडक्या इंग्रजीतल्या मुलाखतीचा प्रसंग चांगला जमला आहे, हे मान्य. राजघराण्याकडे आता पैसा उरलेला नाही, हेही कादंबरी सांगते. पण पैसा आटला म्हणून आडनाव बदलत नाही. झा हे मैथिल ब्राह्मणांचं आडनाव. म्हणजे 'मागास' नायक कोण, तर ब्राह्मण आणि वर राजपुत्र! तो कॉलेजात शिरतो तो स्पोर्ट्स कोट्यातून. या देशात 'कोट्यातला' ही शिवी कुणाला दिली जाते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

इंग्रजीचा प्रश्न खोटा नाही. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या 'काव्यफुले'मध्येच शूद्रातिशूद्रांनी इंग्रजी शिकावी म्हणून कविता लिहिल्या. कारण भाषेचं कुलूप कुणी लावलं आणि किल्ली कुणाकडे आहे, हे त्यांना ठाऊक होतं. भगत यांच्या कादंबरीत मात्र इंग्रजी म्हणजे एक क्लास. भाषणाची तयारी केली, बिल गेट्ससमोर चार वाक्यं बोलली, प्रश्न सुटला. पुढे नायक रियाला शोधत न्यूयॉर्कचे बार पालथे घालतो आणि कथा संपते.

त्याच न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात, ९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीवरचा निबंध वाचला होता. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावल्यामुळे, आणि त्यासाठीच सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह लादले गेले, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे या देशात कुणी कुणावर प्रेम करायचं यावर पहारा कुणाचा, हे बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवलं. भारतीय प्रेमाची गोष्ट सांगणाऱ्या लेखकाला तो पहारेकरी दिसू नये?

कादंबरी आली त्याच वर्षी, २८ एप्रिल २०१४ रोजी, अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात सतरा वर्षांच्या नितीन आगे या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढ्या संशयावरून. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून सगळे आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. नितीनचं इंग्रजी कसं होतं, हे त्याला मारणाऱ्यांनी विचारलं नव्हतं.

काही जण म्हणतील, "अहो, टाइमपास कादंबरी आहे, तिच्यात कुठे जात शोधता?" मग 'सैराट' काय होता? नागराज मंजुळेंनी २०१६ मध्ये गाणी, नाच, विनोद, सगळं ठेवून प्रेमकथा सांगितली आणि शेवटी जातीचा कोयताही दाखवला. त्याआधी कोणत्याच मराठी चित्रपटाने केली नव्हती एवढी कमाई त्याने केली. तेव्हा 'लोकांना असलं नको असतं' ही सबब चालणार नाही. लोकांना चालतं. लिहिणाऱ्यांनाच ते अडचणीचं वाटतं.

माझा आक्षेप प्रेमकथेवर नाही. आमच्या पोरांनी प्रेमकथा जरूर वाचाव्यात, प्रेमही करावं. आक्षेप आहे तो आमचा अपमान उसना घेऊन राजपुत्राला नायक करण्यावर. पुस्तक आम्हाला अर्पण करता, तर त्यातली मुख्य भूमिकाही आम्हाला द्या. नाहीतर ती गोष्ट आम्हीच लिहू. अभ्यासिकेतल्या त्या पोराला मी हेच सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "दादा, मराठीत लिहिली तर चालेल ना?"

चालेल रे बाबा. धावेल.

जय भीम!