चाचणीच्या पेटीवर इशारा हवाच

साउथहॅम्प्टन : न्हावाशेवाहून असो वा शांघायहून, साउथहॅम्प्टनच्या धक्क्यावर उतरणाऱ्या प्रत्येक कंटेनरच्या अंगावर अकरा चिन्हांची ओळख रंगवलेली असते. चार अक्षरे, सहा अंकांचा क्रमांक आणि शेवटी एक पडताळणी अंक, अशी तिची रचना ‘आयएसओ ६३४६’ या मानकाने ठरवून दिली आहे. माल घातक असेल तर पेटीच्या चारही बाजूंना इशाऱ्याचे फलक लावावे लागतात; तो इशारा केवळ कागदपत्रांत असून चालत नाही. सॉफ्टवेअरच्या जगाने ‘कंटेनर’ हा शब्द बंदरांकडून घेतला, पण त्यामागची शिस्त मात्र अर्धीच घेतली.

‘डॉकर’ २०१३ मध्ये जगासमोर आले आणि एखादी प्रणाली तिच्या सर्व पूरक घटकांसह एकाच ‘इमेज’मध्ये बांधून कुठेही पाठवणे सोपे झाले. या इमेज ‘रजिस्ट्री’ नावाच्या सार्वजनिक कोठारांत ठेवल्या जातात. तेथे प्रत्येकीला दोन प्रकारची ओळख मिळते. पहिली ‘डायजेस्ट’. ती आशयावरून काढलेली चौसष्ट चिन्हांची खूण असते आणि आशयातील एक अक्षर बदलले तरी ती बदलते. दुसरी ‘टॅग’, म्हणजे माणसांना वाचता येईल असे नाव. हे नाव आज एका इमेजवर असेल, तर उद्या दुसरीवर चिकटवता येते. सर्वांच्या परिचयाचा ‘लेटेस्ट’ हा टॅगही नवेपणाची हमी देत नाही. टॅग न सांगितल्यास गृहीत धरले जाणारे ते केवळ एक नाव आहे.

मुक्तस्रोत प्रकल्पांना अंतिम प्रकाशनापूर्वीच्या इमेज वाटाव्याच लागतात. दोष सापडतात ते वापरणाऱ्यांच्या हाती गेल्यावरच. म्हणून अल्फा, बीटा आणि ‘रिलीज कॅन्डिडेट’ अर्थात ‘आरसी’ अशा पायऱ्या रूढ झाल्या. ‘सिमँटिक व्हर्जनिंग’ या संकेतानुसार ‘१.०.०-आरसी.१’ ही आवृत्ती ‘१.०.०’च्या आधीची ठरते. पण कोठाराच्या दारात हा संकेत अडखळतो. बांधणीची माहिती जोडण्यासाठी तो अधिकचिन्ह वापरतो, तर इमेजच्या टॅगमध्ये ते चिन्ह चालतच नाही. कुणी त्याजागी संयोगचिन्ह घालतो आणि त्या नावाचा अर्थच ‘पूर्वप्रकाशन’ असा होऊन बसतो. नामांकित प्रकल्पही यातून सुटलेले नाहीत. डॉकर हबवरील पायथनच्या अधिकृत इमेजमध्ये ‘३.१३-आरसी’ हा टॅग ती आवृत्ती अल्फा अवस्थेत असतानाही वापरला गेला. नाव ‘आरसी’चे, आशय अल्फाचा.

हा वाद केवळ नावांच्या टापटिपीचा नाही, हे ‘एक्सझेड’ प्रकरणाने दाखवून दिले. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, लॉगिनला लागणाऱ्या सुमारे अर्ध्या सेकंदाच्या विलंबाचा माग काढत, ‘एक्सझेड युटिल्स’च्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत दडवलेला चोरदरवाजा उघडकीस आणला. डेबियनची स्थिर आवृत्ती बचावली. ‘टेस्टिंग’ आणि ‘अनस्टेबल’ या प्रायोगिक शाखांत मात्र तो शिरला होता. त्या शाखांवरून बांधलेल्या कंटेनर इमेजही तोवर कोठारात पोहोचल्या होत्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘बायनरली’ या सुरक्षा संस्थेने दाखवून दिले, की त्या काळातील डेबियनच्या बारा इमेज अद्याप डॉकर हबवर उपलब्ध होत्या. त्यांच्या पायावर इतरांनी उभारलेल्या इमेज धरून ही संख्या पस्तिसावर गेली. डेबियनच्या बाजूने उत्तर आले, की या तारीखवार विकास-इमेज ऐतिहासिक नोंद म्हणून जाणीवपूर्वक ठेवल्या आहेत. वापरकर्त्यांनी अद्ययावत इमेजच घ्याव्यात. शिवाय चोरदरवाजा वापरण्यासाठी कंटेनरमध्ये ‘एसएसएच’ सेवा चालू असणे आणि हल्लेखोराकडे खासगी किल्ली असणे आवश्यक होते. हा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या खोटा नाही. मात्र मूळ इमेजच्या नावातील ‘अनस्टेबल’ हा इशारा तिच्यावर उभारलेल्या दुसऱ्या इमेजच्या नावात उतरतोच असे नाही. चारही बाजूंचे फलक पेटी बदलताच गळून पडतात.

मग जुने सारे पुसून टाकावे काय? तेही परवडणारे नाही. शास्त्रीय निष्कर्ष पुन्हा पडताळायचे तर ज्या इमेजवर गणित चालवले तीच हाती असावी लागते. या पेचाचे एक उत्तर साउथहॅम्प्टनमध्येच सापडते. येथील विद्यापीठाने २००० साली तयार केलेल्या ‘ईप्रिंट्स’ या मुक्तस्रोत संग्रहप्रणालीत नव्याने चढवलेला निबंध तपासणीच्या कक्षात थांबवता येतो. मंजुरीनंतरच तो सार्वजनिक संग्रहात जातो. संग्रहातून काढलेल्या नोंदीच्या पत्त्यावर ती काढल्याची सूचना दिसते. वेगळा कक्ष आणि मागे राहणारी खूण, एवढी पद्धत इमेजच्या कोठारांनी स्वीकारली तरी बराचसा धोका ओसरेल.

कायदाही त्याच दिशेने सरकत आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आलेला आणि मुख्य बंधनांसाठी ११ डिसेंबर २०२७ ही तारीख ठरवणारा युरोपीय संघाचा ‘सायबर रेझिलियन्स’ कायदा अपूर्ण सॉफ्टवेअरला मुभा देतो. मात्र अटी स्पष्ट आहेत : चाचणीपुरतीच मर्यादित मुदत आणि नियमपूर्ती झालेली नसल्याची ठळक सूचना. व्यावसायिक हेतू नसलेले मुक्तस्रोत काम या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे; पण असे घटक आपल्या उत्पादनात वापरणाऱ्या कंपनीला त्यांची योग्य ती शहानिशा करावी लागेल. ब्रिटन संघाबाहेर असले तरी युरोपात माल विकणाऱ्या ब्रिटिश कंपनीला, आणि तिच्यासाठी पुण्यात बसून काम करणाऱ्या चमूलाही, यातून सुटका नाही.

खर्चाचा प्रश्न उरतोच. नोव्हेंबर २०२० पासून डॉकर हबने विनामूल्य वापरावर मर्यादा घातल्या. मार्च २०२३ मध्ये तर विनामूल्य संघ-खाती बंद करण्याची घोषणा झाली आणि संतापाच्या लाटेनंतर त्याच महिन्यात ती मागे घेतली गेली. कोठार परक्याचे आणि श्रम स्वयंसेवकांचे, अशा अवस्थेत सारा भार प्रकल्पांवर टाकणे अन्यायाचे ठरेल. प्रकल्पांनी चाचणीच्या इमेज वेगळ्या खात्यात ठेवाव्यात, नावात अवस्था खरी सांगावी, मुदत आधीच जाहीर करावी आणि एकदा दिलेला टॅग दुसऱ्या आशयाला देऊ नये. कंपन्यांनी टॅगऐवजी डायजेस्टवर विसंबावे, म्हणजे हाती आलेली पेटी तपासलेलीच आहे एवढे तरी ठरते. आणि ज्या कंपन्यांचा नफा या कोठारांवर उभा आहे, त्यांनी देखभालीचा वाटा उचलावा. धक्क्यावरचे फलक कुणीतरी पैसे मोजून रंगवतो, म्हणूनच ते दिसतात.