विश्लेषण : नैराश्य फक्त एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनाच येतं का?

‘मुलांजवळ राहतात, मग कसली काळजी?’ असं ज्येष्ठांबद्दल सहज बोललं जातं. आकडेवारी मात्र वेगळंच काही सांगते.

सर्वेक्षणात काय आढळलं?

मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ‘लासी’ हे देशव्यापी सर्वेक्षण केलं. त्यात ४५ वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक लोक सहभागी होते. साठी ओलांडलेल्यांपैकी ८.३ टक्के लोकांमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणं आढळली. नैराश्याचं निदान झाल्याचं सांगणारे मात्र फक्त ०.८ टक्के होते. म्हणजे फरक तब्बल दहा पट.

एकटेपणाचा वाटा किती?

एकट्या राहणाऱ्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण अधिक दिसतं. पण एकटं राहणं बहुतेकदा जोडीदाराच्या निधनानंतर वाट्याला येतं आणि त्यासोबत पैशांची ओढाताणही येते. साठीपुढे विधुरांपेक्षा विधवांची संख्या कितीतरी जास्त असल्याने याची झळ स्त्रियांना अधिक बसते. त्यामुळे सगळा दोष एकट्या राहण्याला देता येत नाही.

दुसरी बाजूही आहे. देशात एकटे राहणारे ज्येष्ठ सुमारे ६ टक्केच आहेत. त्यांच्यातलं नैराश्याचं प्रमाण इतरांच्या दुप्पट धरलं, तरी नैराश्य असलेल्या दर दहा ज्येष्ठांपैकी जवळपास नऊ जण कुणाच्या तरी सोबतच राहत असतील. वृद्धाश्रमातले ज्येष्ठ तर या घरोघरच्या पाहणीत आलेलेच नाहीत.

घरच्यांच्या लक्षात का येत नाही?

या वयात नैराश्य रडण्यातून दिसेलच असं नाही. झोप उडते, जेवण कमी होतं, अंग दुखत राहतं, विसरायला होतं, चिडचिड वाढते. ‘आता वयच झालं’ म्हणून या तक्रारी बाजूला पडतात. नातवंडं सांभाळणारी आजी दिवसभर माणसांत असते. पण घरातल्या निर्णयांत तिला कुणी विचारत नसेल, तर ती सोबत नावापुरतीच उरते.

काय करता येईल?

अशी लक्षणं दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. थायरॉईडचा त्रास किंवा चालू असलेली औषधंही कधी कधी यामागे असू शकतात. नैराश्यावर उतारवयातही उपचार होतात. ‘टेली-मानस’ची १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७ या हेल्पलाइन मोफत आहेत.

२००७ च्या कायद्यामुळे आई-वडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. पण ‘आज झोप लागली का?’ हे घरातल्या कुणीतरी विचारावं लागतं आणि उत्तर ऐकायला थांबावंही लागतं.