गच्चीचा ढाळ

परळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दर जूनला तोच सीन. आजीच्या पलंगाशेजारी बादली, आणि सगळे पावसाला शिव्या घालणार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मि.मी. पाऊस कोसळला, ते वेगळं. आमचं छत साध्या सरीतही गळतं!

मित्रांनो, सपाट गच्ची खरं तर सपाट नसतेच. १०० ला १, म्हणजे १० मीटरला १० सें.मी. ढाळ लागतो. आमच्याकडे दर दुरुस्तीला कोब्यावर डांबराचे वरखाली थर चढले आणि ढाळच हरवला. साचलेलं पाणी भेगांतून झिरपतं, सळया गंजवतं.

मे महिन्यात गच्चीवर चार बादल्या ओता. पाणी थांबेल तिथे खडूने खूण करा. आधी ढाळ, मग डांबर. तरच आजीची बादली हलेल.